सत्तावीस वर्षांनी 'बीस साल बाद'

'बीस साल बाद' परत आला तो सत्तावीस वर्षांनी. पहिला १९६२चा. दिग्दर्शक बिरेन नाग, निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार, पडद्यावर विश्वजीत आणि वहिदा रेहमान, आणि गोष्टीच्या मुळाशी शेरलॉक होम्सच्या कथेतलं ते बास्करव्हिलचं कुत्रं. दुसरा १९८९चा, राजकुमार कोहलींचा, मिथुन चक्रवर्ती आणि डिंपल कपाडियाला घेऊन केलेला. वेळेवर यायचं बंधन भुतांवर नसतं, तसं चित्रपटांच्या नावांवरही नसावं.

कोहलींना जुन्या नावांचा सोसच होता. १९७६ साली त्यांनी 'नागिन' काढला. त्याआधीचा 'नागिन' १९५४चा, वैजयंतीमालाचा. त्यातली बीन पुंगीवर वाजलेलीच नव्हती, कल्याणजींनी ती क्लाव्हिओलीन नावाच्या विजेच्या पेटीवर वाजवली होती. त्याचंही संगीत हेमंतकुमारांचं. म्हणजे कोहलींनी दोनदा नाव उचललं आणि दोन्ही वेळा हेमंतकुमारांच्याच दारातून. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी स्वतःच्याच घरात हात घातला. १९७९मध्ये त्यांचा 'जानी दुश्मन' आला होता, नवऱ्यामुलींना डोलीतून पळवणाऱ्या राक्षसाचा. २००२मध्ये त्यांनीच 'जानी दुश्मन: एक अनोखी कहानी' आणला. त्यात डोली नाही, तो राक्षस नाही. आहे तो सूडाला पेटलेला इच्छाधारी नाग. नाव 'जानी दुश्मन'चं आणि आत गोष्ट 'नागिन'ची, फक्त बाईच्या जागी बाप्या. परकायाप्रवेश म्हणतात तो हाच.

आपल्याकडे आजोबा गेल्यावर घरात मुलगा झाला की त्याला आजोबांचंच नाव ठेवायची रीत होती. आजोबाच परत आले, असं म्हणायचे. पण सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मग पाळण्यातलं नाव शाळेच्या दाखल्यावर राहायचं आणि हाक मारायला बंड्या, बाळ्या, नाना असलं काहीतरी निघायचं. 'जानी दुश्मन'च्या पुढची 'एक अनोखी कहानी' मला त्यातलीच वाटते. भयपटाच्या नावात मध्येच दोन टिंबं आली की समजावं, थोरल्याचं नाव घेतलंय आणि आता ओळखू यावं म्हणून टोपणनाव चाललंय. रामगोपाल वर्मांचा 'भूत' २००३चा. मुंबईतल्या उंच इमारतीतला फ्लॅट, एकही गाणं नाही, आणि ऊर्मिला मातोंडकरची ती नजर. पुढे २०२०मध्ये 'भूत: पार्ट वन – द हॉन्टेड शिप' आला तो दुसऱ्याच मंडळींचा. आधीच्या भुताशी याचं नातंगोतं काही नाही, तरी हा 'पार्ट वन'. 'राज' १९६७चा राजेश खन्नाचा, २००२चा विक्रम भट्टचा, आणि त्यानंतर त्या नावाखाली एकमेकांना न ओळखणाऱ्या गोष्टी येतच राहिल्या. '१९२०' हा चित्रपट २००८मध्ये आला आणि '१९२१' यायला २०१८ उजाडलं. दहा वर्षांत एक वर्ष. या वेगाने हिंदी भयपटाला स्वातंत्र्य मिळायला आणखी दोनशे साठ वर्षं लागली असती, पण २०२३मध्ये गाडी पुन्हा '१९२०'वरच येऊन थांबली.

सोलापुरात वाढलेल्या माणसाच्या वाट्याला नावांचा हा घोळ जरा जास्तच येतो. इथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणारी घरं असतात. एकाच भिंतीवर चार भाषांतली पोस्टरं चिकटलेली असतात, आणि खालचं नाव वरच्या फाटक्या नावातून डोकावत असतं. माझ्या लहानपणी गल्लीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे. सोबत तीन कॅसेटी. एक देवाची, एक मारामारीची, एक भुताची. आधी देवाची लावायची, म्हणजे म्हातारी माणसं समाधानाने झोपायला जायची. भुताची शेवटी, दोनच्या पुढे. चादरींच्या गावात तोंडावर ओढायला पांघरुणाची वाण नव्हती.

त्या कॅसेटींच्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून मार्करने नाव लिहिलेलं असायचं. शंभर हात लागून ते पुसट झालेलं. अशाच एका रात्री माझ्या आतेभावाने 'पुराना मंदिर' सांगितला होता. पट्टीवर फक्त 'पुरा' एवढंच वाचता येत होतं. कॅसेट लावली तर 'पुरानी हवेली' निघाली. आतेभाऊ तसाच सायकल हाणत परत गेला. दुकानदार मामांनी कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "भूत हाय का नाही आत? मग मंदिर काय अन् हवेली काय बे. भूत एकच हाय."

मामांचं बोलणं वाटतं तितकं थट्टेचं नव्हतं. 'पुराना मंदिर' १९८४चा आणि 'पुरानी हवेली' १९८९चा, दोन्ही रामसे बंधूंचे. 'पुराना मंदिर'मधला सामरी, १९८५च्या 'सामरी'तला सामरी आणि १९९०च्या 'बंद दरवाजा'तला सैतान हे तिघे खरोखरच एक होते. अनिरुद्ध अगरवाल नावाचे शिक्षणाने इंजिनिअर असलेले प्रचंड उंचीचे गृहस्थ. रामसेंच्या चित्रपटांची नावं ओळीने म्हणून पाहा. 'दो गज जमीन के नीचे', 'दरवाजा', 'पुराना मंदिर', 'तहखाना', 'डाक बंगला', 'वीराना', 'पुरानी हवेली', 'बंद दरवाजा'. ही नावं कसली, हे पत्ते आहेत. पोस्टमनच्या हातात द्यावेत असे. १९७८मध्ये 'दरवाजा' होता, बारा वर्षांनी तो बंद झाला, एवढाच काय तो घरात बदल.

आणि ते तसंच असायला हवं, असं मला आता वाटतं. प्रेमकथेला नावं हजार मिळतात, कारण प्रत्येकाला आपलं प्रेम जगावेगळं वाटतं. भीतीचं तसं नाही. काळोख, रिकामं घर, बंद खोली, पायऱ्या, पाणी, म्हातारी बाई, रात्र. एवढ्या सामानात सगळ्यांचं भागतं. रत्नाकर मतकरींसारखा कसबी लेखक 'खेकडा' म्हणतो तेव्हा धक्का बसतो तो त्यामुळेच. या घरात हे कुठून आलं?

कायद्यालाही हे मान्य असावं. शीर्षकावर कॉपीराइट नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये 'देसी बॉइज' या नावावरून झालेल्या खटल्यात सांगितलं. निर्मात्यांच्या संघटनांकडे नावं नोंदवून ठेवायची पद्धत आहे, पण तो आपसातला समजुतीचा मामला. 'वाडा', 'रात्र', 'सावली' यांवर कुणी मालकी सांगू लागलं असतं, तर बाकीच्यांनी घाबरायचं कुठे?

पुस्तकांच्या बाबतीत घोळ वेगळा. पेठेतल्या लायब्ररीत रहस्यकथा-भयकथांची कव्हरं महिन्याभरात गळून पडायची. मग बाइंडर त्या पुस्तकांना जाड खाकी पुठ्ठा घालायचा आणि पाठीवर शाईने नाव आणि नंबर. लेखकाचं नाव जागा उरली तर. एका पाठीवर 'शपथ', दुसऱ्यावर 'ग्रहण', तिसऱ्यावर 'ग्रास'. आत कौटुंबिक कादंबरी आहे की नारायण धारप, हे उघडल्याशिवाय कळायचं नाही. उघडल्यावर मात्र लगेच कळायचं, कारण शेवटच्या कोऱ्या पानावर आधीच्या वाचकांनी आपापले शेरे मारून ठेवलेले असायचे. 'रात्री वाचू नये.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'काही भीती वाटत नाही.' त्याखाली तिसऱ्यात 'मग वाचता कशाला?'

धारप १९२५ ते २००८. मराठीत भयकथेवर एवढं सलग लिहिणारं दुसरं नाव पटकन सुचत नाही. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून त्यांनी 'लुचाई' लिहिली, 'इट'वरून 'शपथ'. उचलेगिरी म्हणून कुणी नाक मुरडेल. मुरडो. किंगची गोष्ट अमेरिकेतल्या गावाची होती. धारपांनी तिला मराठी अंगण, मराठी नात्यागोत्याची माणसं आणि दोन अक्षरी, तीन अक्षरी नाव दिलं. गोष्ट दुसऱ्याची, नाव आपलं. कोहलींच्या नेमकं उलट. आणि दोघांतून एक निवडायचं झालं तर मी डोळे मिटून धारप निवडीन. उसनं नाव घेतलं की त्या नावाला चिकटून आलेली लोकांची जुनी भीती फुकटात मिळते, आणि दिग्दर्शक आळसावतो. गोष्ट उसनी घेतली तर ती इथल्या मातीत रुजवण्याची मेहनत चुकत नाही.

धारपांच्या 'ग्रहण'वर २०१८मध्ये झी मराठीने त्याच नावाची मालिका केली, पल्लवी जोशींना घेऊन. तीन वर्षांनी 'ग्रहण' नावाचीच हिंदी वेबमालिका आली, सत्य व्यास यांच्या 'चौरासी' या कादंबरीवर बेतलेली. आमच्या घरात ती लावली गेली ती भुताची म्हणूनच. धारपांचं नाव डोक्यात होतं. निघाली १९८४च्या बोकारोतल्या शीखविरोधी दंगलीची. पहिल्या भागानंतर कुणी तरी म्हणालं, बंद करू या, भुताचं काही तरी लावा. मला ते तेव्हा विचित्र वाटलं नव्हतं. नंतर पुष्कळ वेळा आठवलं. भुताच्या गोष्टीत निदान दार लावून घ्यायची सोय असते. दंगलीत दार ठोठावणारा शेजारीच असू शकतो. नाव तेच, पण दुसऱ्या 'ग्रहणा'ने पहिल्याला एकदम पोरकट करून टाकलं.

नाव एकाकडून आणि भीती दुसऱ्याकडून, असा संगम मराठी माणसाच्या हातून एकदाच पुरता साधला. 'तुंबाड'. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची कादंबरी १९८७ची. जगबुडी नदीच्या काठचं गाव, खोतांचं घराणं, पिढ्यांमागून पिढ्या. त्यात माणसांचा हव्यास भरपूर आहे, पण ती भयकादंबरी नव्हे. राही अनिल बर्वे यांनी नाव तिथून घेतलं. गोष्टीचं बी मात्र धारपांच्या 'आजी' या कथेचं. ती बर्व्यांनी १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली होती. त्या 'आजी'च्या मागे पुन्हा किंगची 'ग्रॅमा' उभी. म्हणजे कोकणातल्या कादंबरीचं नाव, पुण्याच्या लेखकाची म्हातारी, तिच्या आत अमेरिकेतली म्हातारी, आणि हे सगळं हिंदीत. त्यातल्या राक्षसाचं नाव हस्तर. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या १८९१च्या एका कथेत हस्तूर नावाचा मेंढपाळांचा देव येतो. तिथला गरीब बिचारा देव, इथला सोन्याचा आणि धान्याचा हावरा. नावं प्रवासात बिघडतात ती अशी.

पण 'तुंबाड' पाहताना मला पेंडसे आठवत राहिले, हे त्या चित्रपटाचं यश आहे असं मी मानतो. घराणं, वाडा, बाप-लेक आणि संपत्तीची हाव. पेंडशांनी जी गोष्ट भूत न आणता सांगितली, तीच बर्व्यांनी भूत आणून सांगितली. नाव उचललेलं वाटत नाही, वारशाने आलेलं वाटतं. आणि 'आजी' म्हणाल तर २०१७मध्ये 'अज्जी' नावाचाही हिंदी चित्रपट आला होता, देवाशिष मखिजांचा. त्यातली अज्जी म्हणजे सुषमा देशपांडे. नातीवर अत्याचार करणाऱ्याचा हिशेब चुकता करणारी थकलेली, गुडघे धरून चालणारी म्हातारी. धारपांच्या आजीला नातवंडं भितात. या अज्जीला बाहेरच्यांनी भ्यावं.

'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ला प्रदर्शित झाला. त्याच दिवशी नेटफ्लिक्सवर 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' आली, आणि तिथेही नावांचा एक जुना खेळ आहे. शर्ली जॅक्सनची त्या नावाची कादंबरी १९५९ची. त्याच वर्षी विल्यम कॅसलचा 'हाउस ऑन हॉन्टेड हिल' हा चित्रपट आला. कादंबरीवर १९६३मध्ये 'द हॉन्टिंग' निघाला. आणि मग चाळीस वर्षांनी, १९९९ या एकाच सालात, 'द हॉन्टिंग'ही नव्याने आला आणि 'हाउस ऑन हॉन्टेड हिल'ही. घर, टेकडी, झपाटणं. तीन शब्दांची अदलाबदल. माझे इंग्रजी माध्यमातले भाचे यातला फरक न चुकता सांगतात. 'झपाटलेला' आणि 'पछाडलेला' यांतला सांगताना मात्र अडखळतात.

त्यांचा तरी दोष काय? दोन्ही महेश कोठारेंचे. १९९३चा 'झपाटलेला' म्हणजे बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू, 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटावरून सुचलेला, पण रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला असा काही अस्सल देशी झाला की त्याचं मूळ विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. २००४चा 'पछाडलेला' म्हणजे वाडा आणि त्यातला इनामदार भुसनळे. तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांचा आणि इनामदारही दिलीप प्रभावळकरांचाच. व्हिडिओवाले मामा भेटले असते तर म्हणाले असते, भूत एकच हाय.

पण खरा सोलापुरी घोळ 'चंद्रमुखी'चा. अशोक चौकाकडच्या भागात पद्मशाली विणकरांची वस्ती. आमच्या शेजारच्या अक्का त्यांतल्याच. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, रागावल्यावर दोन्ही. रजनीकांतची 'चंद्रमुखी' २००५ची, मूळ तमिळ, आणि तेलुगूतही आलेली. ती अक्कांना तोंडपाठ. ती गोष्ट मुळात मल्याळमची, १९९३च्या 'मणिचित्रताळ'ची. पी. वासूंनी ती २००४मध्ये कन्नडमध्ये 'आप्तमित्र' म्हणून आणली, मग तमिळमध्ये 'चंद्रमुखी' म्हणून. हिंदीत २००७ साली प्रियदर्शनचा 'भूलभुलैया' झाला. त्या मेलेल्या नर्तकीचं नावसुद्धा प्रत्येक मुलखात बदलत गेलं. मल्याळम-कन्नडमध्ये नागवल्ली, तमिळमध्ये चंद्रमुखी, हिंदीत मंजुलिका. आणि गंमत म्हणजे या चारही चित्रपटांत भूत नाहीच, आजारी मन आहे.

मग २०२२मध्ये मराठी 'चंद्रमुखी' आली. विश्वास पाटलांच्या कादंबरीवरची, प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेली, अमृता खानविलकरची. पुढाऱ्याच्या आणि तमाशातल्या बाईच्या प्रेमाची गोष्ट. माझ्या बायकोने अक्कांना विचारलं, येताय का? अक्का म्हणाल्या, एकटीने नाही बघणार, तुम्ही दोघं बसणार असाल मध्ये घेऊन तर येते. मध्ये घेऊन बसलो. मध्यंतरापर्यंत त्यांनी एकदाही पदर तोंडावर घेतला नाही, आणि मग न राहवून विचारलं, "वहिनी, हिच्या अंगात कवा येतंय?"

"अक्का, अंगात येत नाही हो हिच्या. लावणीचा सिनेमा आहे."

"मग नाव का असलं ठेवलं?"

बायकोकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. नायक आदिनाथ कोठारे, म्हणजे 'झपाटलेला'वाल्यांचे चिरंजीव. पण हा दुवा त्या वेळी अक्कांना सांगून उपयोग झाला नसता.

अक्कांसारखंच व्ही. शांतारामांच्या चाहत्यांचं २०१८मध्ये झालं असेल. शांतारामांचा 'स्त्री' १९६१चा, शकुंतलेचा. आमच्या गावाला शांताराम जवळचे, कारण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना पडद्यावर नेलं ते त्यांनीच. नवा 'स्त्री' मात्र रात्री पुरुषांना उचलून नेणाऱ्या हडळीचा, आणि तिला टाळायला दारावर 'उद्या ये' असं लिहून ठेवायची युक्ती त्यात आहे. इथल्या कन्नड घरांना ती मुळीच नवी नव्हती. १९९०च्या दशकात बेंगळुरूकडे दारोदार 'नाळे बा' लिहिलं गेल्याच्या गोष्टी त्यांनी पाहुण्यांकडून कधीच ऐकल्या होत्या. हडळ रोज येते, रोज वाचते आणि रोज परत जाते. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला तिची दया यावी.

२०२४मध्ये 'मुंज्या' आला, आदित्य सरपोतदारांचा. हे नाव कुणाकडून उचललं म्हणायचं? मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर मुंज्या होऊन बसतो, हे मराठी घरात कुणी कुणाला शिकवत नाही. ज्याच्या त्याच्या आजोळी एक पिंपळ असतो आणि त्यावर ज्याचा त्याचा मुंज्या. माझ्या मावशीचं माहेर जुन्या वाड्यातलं, मागे पिंपळ असलेलं. तिला आम्ही चित्रपट दाखवला. कोकणातली वाडी, समुद्र, लग्नासाठी हट्टाला पेटलेलं ते केसाळ, खिदळणारं ध्यान. मावशीने शांतपणे सगळं पाहिलं. घरी येऊन चहा घेताना म्हणाली, "असा नसतो रे मुंज्या."

"मग कसा असतो, मावशी?"

"आमचा तरी गरीब होता. लग्नाचं कधी नाव काढलं नाही त्याने. संध्याकाळी दिवा लावायचा राहिला की तेवढा खडा मारायचा."

आणि चहात साखर कमी आहे म्हणून तिने डबा मागितला.